एस.टी.ची पहिली पायरी

वसमतच्या तहसील कचेरीसमोर कडुलिंबाखाली टेबल मांडून लोकांचे अर्ज लिहिण्याचे काम मी गेली वीस-बावीस वर्षे करीत आहे. शाळा नववीत सुटली. तथापि माझ्या मसुद्यातील ओळ आजवर कोणा साहेबाने खोडलेली नाही, हे नम्रपणे नमूद करतो. अंगठा देणारी म्हातारी माणसे आली, की त्यांचा अंगठा मी स्वतः धरतो, शाईवर टेकवतो आणि कागदावर दाबतो. त्यांच्यावर सोपवले तर ठसा फिसकटतो, अशी माझी समजूत. हाताची हीच सवय मी घरी नेली आणि तिची तकलीफ माझ्या मायला झाली.

मागच्या दिवाळीनंतर माय न्हाणीत घसरून पडली. हाड शाबूत राहिले, परंतु मनात धास्ती बसली. ती भिंत धरून चालू लागली आणि मी तिचे कोपर धरून. पूर्वी दर आठवड्याला ती एस.टी.ने जवळा बाजार या गावच्या आठवडी बाजाराला जात असे. तिची धाकटी बहीण जवळच्या खेड्यातून तेथे बाजाराला येते. दोघी तासभर चिंचेखाली बसून एकमेकींना पान लावून देत. ते बंद पडले, कारण एस.टी.ची पहिली पायरी उंच. मी सोबत येतो म्हणालो, तर माय म्हणाली, "तू बाजूला बसल्यावर आमी बहिणींनी बोलावं काय?"

तेव्हा पायरीखाली ठेवण्यास स्टूल मिळावे, असा दोन पानी अर्ज मी आगारप्रमुखांच्या नावे लिहिला आणि तिला वाचून दाखवला. तिने शांतपणे ऐकून घेतले.

"गाडी काय तुझा अर्ज आयकून खाली बसती व्हय?"

तो अर्ज अद्याप माझ्या पेटीत आहे.

पुढे कळले, की दवाखान्यातील सिस्टरबाई समाजमंदिरात म्हाताऱ्या बायांकडून तोल सावरण्याचे व्यायाम करवून घेतात. मी मायला घेऊन गेलो. खुर्चीला नुसते बोट लावून एका पायावर उभे राहायचे. हात न टेकता खुर्चीवरून उठायचे. खडूच्या रेघेवरून, एका पावलाची टाच दुसऱ्याच्या बोटांना लावत चालायचे.

"सासूच्या धाकात बी असं मोजून पाऊल टाकलं न्हाई गं बाई!" रेघेवरची एक म्हातारी म्हणाली.

"तवा टाकलं असतं तर सासू अजून चार वर्सं जगली असती," मागची म्हणाली आणि हसण्यात दोघींचीही पावले रेघेबाहेर गेली.

मी मायचे कोपर धरून उभा होतो. सिस्टरबाई जवळ आल्या.

"दादा, व्यायाम कोणाचा चालू आहे?"

"मातोश्रींचा."

"मग तोल तुमीच काहून सांभाळून राहिले?"

मी संभाव्य धोके क्रमवार मांडले. त्यांनी पूर्ण ऐकले. "खुर्ची हाय, भिंत हाय, मी हाय. तुमी हात माघं बांधून तिकडं बसा."

कोठे बसावे, हे मला इतक्या वर्षांत कोणी सांगितले नव्हते. मी बसलो. मायने एक पाय उचलला, ती डुलली. मी अर्धा उठलो. तेवढ्यात तिने खुर्चीला बोट टेकले आणि पुन्हा सरळ झाली. तिचा तोल जातो हे मला ठाऊक होते. तो तिला परत आणता येतो, हे माझ्या हाताने मला कधी पाहू दिले नव्हते.

त्यानंतर घरी दूध वर येईपर्यंत ती ओट्याला बोट लावून एका पायावर उभी राहू लागली. मग खांबाला धरून ओसरीची पायरी चढ-उतर. उन्हाळा लागेपर्यंत हे चालले.

एका बाजाराच्या दिवशी तिने पिशवी घेतली. स्टँडवर गाडी लागली. माझा हात पुढे गेला.

"माघं."

मी हात मागे बांधले. तिने दांडी धरली, पाय पायरीवर ठेवला, क्षणभर थांबली आणि वर गेली. खिडकीतून म्हणाली, "सांजच्याला घ्यायला येऊ नको."

सायंकाळी मी स्टँडवर पेपरच्या दुकानाआड उभा राहिलो. गाडी आली. दांडी धरून, सावकाश, एकेक पाय जुळवत माय उतरली. ओठ पानाने लाल होते. तिने मला बराबर पाहिले.

"काहून आलास?"

"पेपर घ्यायला."

"मंग पेपर कुठाय?"

तिने पिशवी पुढे केली.

"ही धर. मला धरू नको."

मी पिशवी घेतली आणि तिच्या मागून चालू लागलो.