व्हीसीआरमध्ये राहिलेला सिनेमा

शालिनीताई गेल्याचं कळलं तेव्हा मी कुवेतमध्ये, आमच्या साल्मियाच्या घरात पोळ्या लाटत होते. "वहिनी, शालिनी गेली," एवढंच त्यांचे यजमान माधवराव म्हणाले आणि फोन कानाला धरून तसेच राहिले. मागून टीव्हीचा आवाज येत होता. एक बाई स्पॅनिशमध्ये बोलत होती, मग दार लोटल्याचा आवाज, मग व्हायोलिनं... तो सिनेमा मी ताईंबरोबर इतक्यांदा पाहिला होता, की ती बाई आता कुठल्या खोलीत उभी आहे हेही मला कळलं. दुपारी सिनेमा बघता बघता ताईंचं हृदय थांबलं होतं, आणि तो बंद करायचं त्या घरात कुणाला सुचलं नव्हतं.

माधव वैद्य नाशिकचे, रिफायनरीत इंजिनियर. रुमैथियात एका कुवेती कुटुंबाच्या घराचा वरचा मजला त्यांच्याकडे भाड्यानं होता. खाली घरमालक अबू फहद. नव्वदच्या ऑगस्टमध्ये इराकी फौजा शहरात शिरल्या आणि काही आठवड्यांनी आमची दोन्ही कुटुंबं एकाच बसनं बगदादमार्गे अम्मानला निघाली. निघताना ताईंनी घराला कुलूप लावलं, किल्ली अबू फहदच्या हातात दिली, आणि बसमध्ये चढल्यावर त्यांना आठवलं की स्वयंपाकघरातल्या मनी प्लांटला पाणी घालायचं राहिलं. अख्खं वाळवंट ओलांडेपर्यंत त्या त्याच्याबद्दलच हळहळत होत्या. आम्हाला तेव्हा हसू आलं होतं, त्या दिवसांतसुद्धा.

कुवेतच्या मुक्तीनंतर परतलो तेव्हा तेलविहिरींच्या धुरानं भरदुपारी दिवे लावून गाडी चालवावी लागे. आमचं घर धुऊन नेलं होतं, भिंतीतली बटणंसुद्धा उपटलेली. वैद्यांच्या दाराचं कुलूप मात्र जसंच्या तसं. अबू फहदकडून किल्ली घेऊन माधवरावांनी दार उघडलं आणि आम्ही चौघं उंबऱ्यातच थांबलो. फरशी झाडलेली होती. ओट्यावर भांडी पालथी घातलेली. मनी प्लांट खिडकीच्या गजांवरून पार छतापर्यंत चढला होता, हिरवागार. मागच्या खोलीत मुग्धाच्या, म्हणजे त्यांच्या मुलीच्या, पलंगावर चादर ताणून घातलेली. लुटारू सगळ्यात आधी उचलतात तो व्हीसीआरही जागेवर होता, आणि त्यात एक कॅसेट होती. ती आमच्यापैकी कुणाची नव्हती. माधवरावांनी बटण दाबलं तर सिनेमा मधूनच सुरू झाला. कुणीतरी बघता बघता उठून गेलं होतं.

अबू फहदला विचारलं. "कुणी नव्हतं. वल्ला, अल्लाशपथ कुणी नव्हतं," तो म्हणाला आणि दार लावून घेतलं. पुन्हा विचारायची सोय राहिली नाही.

दुसरी एखादी बाई त्या घरात राहिली नसती. मी ताईंना विचारलंही, "भीती नाही वाटत?"

"पहिले काही दिवस वाटली गं. मग म्हटलं, ज्यानं माझ्या झाडाला पाणी घातलं त्याला काय भ्यायचं?"

कॅसेट माधवरावांना टाकून द्यायची होती. ताईंनी ती ठेवली आणि शुक्रवारच्या दुपारी लावू लागल्या. जुना कृष्णधवल सिनेमा, कुठल्याशा दक्षिण अमेरिकेतल्या शहरातला. एका घरात एकटी बाई राहते, हॅटवाले पुरुष येऊन काहीतरी विचारतात, ती मान हलवते. भाषा कळत नव्हती आणि चित्र इतकं काळवंडलेलं, की माणसांपेक्षा अंधारच जास्त. एका प्रसंगात ती टेबलाशी बसून जेवता जेवता बोलते. "वेड लागलंय हिला, स्वतःशीच बोलतेय," मी म्हणाले होते. ताई पडद्याच्या अगदी जवळ गेल्या. "नाही. तिथं कुणीतरी आहे. अर्धं जेवण बाजूला काढलंय बघ तिनं." मला तिथं नुसतं काळं दिसत होतं.

हळूहळू हे वाढत गेलं. मागच्या खोलीत त्या कुणाला झोपू देईनात. अमेरिकेत शिकायला गेलेली मुग्धा सुट्टीत आली तर तिचं अंथरूण हॉलमध्ये. कंपनीनं अहमदीला चांगलं घर देऊ केलं तेव्हा ताईंनी साफ नकार दिला.

"ते परत आले तर?"

"कोण ते?" माधवराव ओरडले. "नाव तरी सांग एखादं!"

"मला काय माहीत," ताई म्हणाल्या, आणि आमटीला फोडणी घातली.

त्या भांडणानंतर माधवरावांनी त्यांना डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरांनी झोपेच्या गोळ्या दिल्या. ताईंची झोप उत्तम होती. गोळ्या माधवराव घेऊ लागले.

अशी कितीतरी वर्षं गेली. मग मुग्धानं डीव्हीडी पाठवली. आईला पाठ झालेले चार संवाद आणि नायिकेचं वर्णन एवढ्यावरून तिनं तो सिनेमा हुडकून काढला होता. फोनवर ती ओरडत होती, "आई, इट्स युअर फिल्म! दे हॅव क्लीन्ड द होल थिंग!" कुठल्याशा तळघरात मूळ प्रिंट सापडली होती आणि एकेक चित्र धुऊन-पुसून तो नव्यानं काढला होता, खाली इंग्रजी अक्षरांसह. शुक्रवारी दुपारी आम्ही पडदे ओढून बसलो. टेबलाचा प्रसंग आला. अंधार विरून करडा झाला होता. भिंतीवरचा कागद दिसला, कपाट दिसलं... आणि कपाट व भिंत यांच्या फटीत एक माणूस उभा होता. सडपातळ, बाह्या दुमडलेला, तिच्या ताटाकडे बघत. पहिल्यापासून तो तिथंच होता. माधवराव ताडकन उठले. त्यांनी जुनी कॅसेट लावून तीच जागा पाहिली, पुन्हा पाहिली. निव्वळ काळं.

"मग मी काय सांगत होते?" ताई म्हणाल्या. त्यांना आश्चर्य वाटलेलं दिसलं नाही. त्या दिवसापासून माधवराव मात्र मागच्या खोलीत पाऊल टाकत नसत.

ताईंना नाशिकला नेलं, तिकडेच सगळं केलं. दिवस झाल्यावर माधवराव घर आवरायला कुवेतला आले. मी भेटायला गेले होते तेव्हा बेल वाजली. दारात अबू फहद, पार म्हातारा झालेला. त्याच्यामागे काळ्या पायघोळ अबायातली, पिकल्या केसांची एक गोरी बाई. तिनं ताईंच्या फोटोसमोर मान झुकवली आणि कुणी न दाखवता बोळातून थेट मागच्या खोलीत गेली. त्या खोलीतला दिवा ताई कधी विझू देत नसत, माधवरावांनीही तो तसाच ठेवला होता. बटण कपाटामागे, मलासुद्धा चाचपडावं लागतं. बाईनं न बघता हात घातला आणि दिवा बंद केला.

"त्याला अंधार लागायचा," ती अरबीत म्हणाली. "उजेड रस्त्यावरून दिसतो."

मग अबू फहद बोलला. त्याचा धाकटा भाऊ यूसुफ कुवेती सैन्यात होता, इराकी शिपाई त्याला शोधत होते. परदेशी माणसाच्या कुलूपबंद घरात कोण बघणार, म्हणून त्याला इथं ठेवलं. ही त्याची अर्जेंटिनाहून आलेली बायको. ती चोरून जेवण आणायची, सोबतीला म्हणून स्वतःची कॅसेटही. खाली आई फार आजारी झाली तेव्हा यूसुफ तिला बघायला जिना उतरला आणि जिन्यातच शिपायांच्या हाती सापडला. ही माहेरी निघून गेली. इतक्या वर्षांनी इराकच्या वाळवंटात सापडलेल्या हाडांतून त्याची ओळख पटली, त्याला माती द्यायला ती आली होती. "तुम्ही विचारलंत तेव्हा खरं माझ्या तोंडून निघेना," म्हातारा म्हणाला.

"त्यांना भेटायचं होतं मला," बाई फोटोकडे बघत म्हणाली.

माधवराव उठले, अंधारात त्या खोलीत गेले आणि पलंगाच्या कडेवर बसले.

नाशिकचं तिकीट त्यांनी अजून काढलेलं नाही. शुक्रवारी दुपारी यूसुफची बायको येते, मागच्या खोलीत एकटीच बसते, माधवराव बाहेर चहा करतात. परवा त्यांचा फोन आला. ती निघताना खोलीच्या दारात वळली आणि आत बघून स्पॅनिशमध्ये काहीतरी म्हणाली. "मला भाषा येत नाही, वहिनी. पण शालिनी बाजारात जाताना 'येते हं' म्हणायची ना... अगदी तसंच." ते पुढे म्हणाले, "मग ती तशीच दारात उभी राहिली. आतून कुणी काही म्हणावं तशी मान हलवली, आणि गेली."