उजव्या सोंडेचा ठसा

पेणमध्ये कलावंत गल्लोगल्ली सापडतात. रंगात हात बुडवणारे त्यांतले थोडेच. आमचे हैबतराव शेट न बुडवणाऱ्यांतले. गणपतीच्या कारखान्याचे मालक, खांद्यावर कायम कुठल्यातरी सत्काराची शाल. त्यांच्याकडे मी रंगकाम करतो, म्हणून सगळं जवळून पाहिलंय.

त्यांच्या मूर्तींचे डोळे आखायची मैना. धरमतरकडच्या मिठागर कामगाराची ही मुलगी सोळाव्या वर्षी आली आणि तीस वर्षं डोळे आखत राहिली. 'शेटची मूर्ती आपल्याकडेच बघते,' असं गिऱ्हाईक म्हणायचं आणि शेट खुशाल मान डोलवायचे. लाज कशाशी खातात हे त्यांना कुणी सांगितलंच नसावं.

रविवारी मैना गाडी धरून रोह्याला जायची. तिथल्या निवृत्त चित्रकला शिक्षिका रोहिणीबाईंनी तिला लाकडावर ठसा कोरून कागदावर छापायला शिकवलं. मिठागरं, खाडी, डोक्यावर पाट्या घेतलेल्या बाया, काय काय तिनं छापलं, रंगवलं. हवं होतं एकच: एका तरी चित्राखाली आपलं नाव.

रोह्यात छापचित्रांचं प्रदर्शन ठरलं, तसा शेटनी स्वतःच्या नावावर मांडायला तिनं कोरलेला गणपतीचा ठसा मागून घेतला.

"खाली माझं नाव टाका," ती म्हणाली.

"नाव घेऊन काय करशील गो मैना? लोक मला वलखतात."

घरी नेऊन ठसा बघितला आणि शेट चरकले. सोंड उजवीकडे! उजव्या सोंडेचं सोवळं कडक, घरी कोण नेणार? मैनाला विचारणं कमीपणाचं. त्यांनी परस्पर सुताराकडून सोंड तासून घेतली, नवा तुकडा बसवला आणि डावीकडे कोरून घेतली. ठशातलं उजवं कागदावर डावं उमटतं, एवढंही कलेवर भाषणं ठोकणाऱ्या या माणसाला ठाऊक नव्हतं.

प्रदर्शनात शेटनी पाहुण्यांसमोर थाटात पहिली छाप काढली. सोंड उजवीकडे. लोकांनी लांबूनच हात जोडले. घ्यायला कुणी पुढे येईना. शेटनी माईक ओढला.

"हे काम माझं नाय. मैनानं कोरलंय!"

तीस वर्षांत पहिल्यांदा तिचं नाव त्या तोंडातून निघालं, तेही स्वतःची चूक तिच्या गळ्यात बांधायला. मला त्या माणसाची किळस आली.

मैना उठली. ठसा देण्याआधी तिनं एक छाप काढून ठेवली होती, ती पिशवीतून काढली. सोंड डावीकडे. शेटच्या छापेशेजारी ती टाचली, शेटच्याच खिशातलं पेन घेतलं आणि खाली सावकाश आपलं नाव लिहिलं.

"माझं काम हे," ती म्हणाली. "ती सोंड तुमची हाय, शेट. करा सोवळं."