ओल्या पायांची साक्ष

आमच्या गावात पाटाचं पाणी शेपटीकडून सुरू व्हायचं. पाट जिथं संपतो तिथला शेतकरी पहिला, आणि दाराजवळचा, म्हणजे जिथून पाणी आत शिरतं तिथला, सगळ्यात शेवटी. उलटं केलं तर वरचेच पिऊन घेतात, खालच्याच्या वांग्यांना ओलावाही पोचत नाही. ही रीत मी लावली. पाणीवापर संस्थेचा चौदा वर्षं अध्यक्ष होतो. दाराची चाबी माझ्या कमरेला असायची.

रीतीत आणखी एक गोष्ट होती. ज्याचं शेत भिजलं त्यानं स्वतः वरच्या शेजाऱ्याच्या बांधावर जायचं, चिखलाचे पाय दाखवायचे आणि म्हणायचं, "भरलं." मगच वरच्यानं पाणी वळवायचं. निरोप चालत नव्हता, फोन चालत नव्हता. पाटाच्या पाण्यात उभं राहून दारं मोडणाऱ्या, म्हणजे एका वाफ्यातून दुसऱ्या वाफ्यात पाणी वळवणाऱ्या, माणसाचे पाय पोटरीपर्यंत काळे होतात. तोंड खोटं बोलंल, पाय बोलत नाहीत, असं मी सांगत असे.

शेपटीवर माझा लहानपणापासूनचा दोस्त. दोन एकर जमीन, त्यात वांगी आणि सांभार, म्हणजे कोथिंबीर. सगळं घर त्या भाजीवर.

मुलगा ऑस्ट्रेलियात आहे. दोन वर्षं तो या म्हणत होता, दोन वर्षं मी नाही म्हणत होतो. शेवटी बायको म्हणाली, "पाट काय तुमच्या बापाचा हाय? मले नातीचं तोंड पाहू द्या." तेव्हा राजीनामा दिला. तो मीच लिहिला. चौथी शिकलो असलो तरी लिहिता येतं मला.

मारुतीच्या देवळात सभा भरली. दोस्त उठला. म्हणाला, "हा चालला, चांगलं हाय. पण पाळी याच्या डोक्यात हाय, कागदावर एक ओळ नाई. आधी नियम लिहून घ्या, मंग चाबी कोणालेही द्या."

मागून कोणीतरी बोललं, "चौथी पासले लिहायले लावता काय गा?"

सगळे हसले. दोस्तही हसला. मला तेवढंच दिसलं.

"माहा शब्दच कागद हाय," मी म्हटलं. दाराजवळच्या शेताचा मालक शाल-नारळ घेऊन पुढेच बसला होता. वयानं लहान, बोलायला गोड. "काकाजी, तुमच्या शब्दाबाहेर मी जाणार नाई," तो म्हणाला. मी कमरेची चाबी काढली आणि सगळ्यांसमोर त्याच्या हातात ठेवली. दाराजवळच्याच हातात दाराची चाबी! दुसऱ्या कोणी हे केलं असतं तर मीच त्याला येड्यात काढलं असतं.

निघायच्या दिवशी दोस्त पिशवीभर वांगी घेऊन आला.

"विमानात नेऊ देत नाईत," मी तोंड फिरवून म्हटलं.

"मंग आत्ताच भाजून खाऊन जाजो." त्यानं पिशवी खाली ठेवली. "अजून टाइम हाय रे लेका. दोन ओळी लिहून दे."

"काऊन? भरोसा नाई का माह्यावर?"

"तुह्यावर हाय. पण तू तं चालला."

मी लिहून दिलं नाही. वही समोरच होती.

इथं अंगणातल्या गवतावर रोज सकाळी आपोआप पाणी उडतं. पाळी नाही, चाबी नाही. ते गवत कोणी खातही नाही. पहिल्या आठवड्यात मी मुलाला म्हटलं, बंद कर ते. तो हसला.

पौषात तिकडं पाणी सुटलं असेल म्हणून चाबीवाल्याला फोन केला. "सगळं तुमच्यासारखंच चालू हाय, काकाजी." ऊर भरून आला. त्याच भरात दोस्ताला लावला, तोंड दिसतं तो फोन.

"पाणी आलं?"

"आलं ना."

"भरलं?"

"भरलं, बापा. तू तिकडं नातीले खेळव."

"पाय दाखव."

"आता ऑस्ट्रेलियातून पाय पाहून राह्यला का तू?"

"दाखव म्हणतो ना. थांबतो मी."

फोन त्यानं कशावर तरी ठेवला. बराच वेळ नुसतं आभाळ दिसत होतं. कुठंतरी हापशीचा दांडा वाजला. मग त्याचे पाय आले. चिखल होता, पण घोट्यापर्यंतच, पातळ, ताजा. मागे बादली. पायाखाली परातीएवढी जमीन ओली, तिच्यापलीकडे भेगा. कोपऱ्यात वांग्याची पानं खाली पडलेली.

चौदा वर्षांत त्यानं कोणाला खोटे पाय कधी दाखवले नव्हते. हे त्यानं माझ्यासाठी केलं होतं.

"पटलं का?" त्यानं विचारलं.

चुकलो म्हणायला एवढी जागा होती. मी म्हटलं, "पटलं."

दुसऱ्या दिवशी नातीची वही मागितली. लिहिलं : पाणी शेपटीपासून. ज्याचं भरलं त्यानं पाय दाखवावे. दाराजवळच्यानं शेवटी घ्यावं, चाबी त्याच्याकडे राहू नये. अक्षर वाकडं आलं, तरी वाचता येतं. खाली सही केली आणि सवयीनं अध्यक्ष लिहिलं. मुलानं फोटो काढून दोस्ताला पाठवला. पाठवल्यावर म्हणाला, "बाबा, तुम्ही आता अध्यक्ष नाही ना."

मला माहीत आहे. तो शब्द मी खोडला नाही.