मांजर मांडीवर घेऊन

हिंगोलीतला तो कूलर-पंखेवाला गिऱ्हाइकापेक्षा यंत्रांशीच जास्त बोलायचा. मांजराच्या केसांनी माझ्या लेकीला दम लागायचा; पण मांजर जवळच्या पुसेगावला सोडू म्हटलं की ती जेवायची नाही. हवा शुद्ध करणारं यंत्र विचारायला गेलो, तर तो दोन यंत्रं घेऊन घरीच आला.

"मलाबी मांजराची तकलीफ हाय. माझं नाकच सांगंल बराबर," म्हणत त्यानं दारं-खिडक्या लावून मांजर मांडीवर घेतलं. पहिल्या यंत्राजवळ तो शिंकून बेजार झाला. दुसऱ्याजवळ तासभर बसला, दोनदाच शिंकला.

"हेच ठेवा. अन् मांजर लेकराच्या गादीवर येऊ देऊ नका."

सुजलेले डोळे पुसत तो निघाला. त्या हिवाळ्यात मांजर घरातच राहिलं आणि लेक शांत झोपू लागली.