मिस्त्रींचा तळहात

पंपाच्या बेअरिंगवर उजवा तळहात ठेवायचा, डोळे मिटायचे आणि म्हणायचं, “केसभर हाय, पर हाय.” आमच्या मिस्त्रींचं निदान एवढंच असे. चौसाळ्याजवळच्या पाणीपुरवठ्याच्या पंपघरात मी ऑपरेटर, ते फिटर. नाव रजिस्टरात होतं. तोंडात सगळ्यांच्या मिस्त्रीच.

मोटारीचा दांडा आणि पंपाचा दांडा एका रेषेत नसले, की पंप थरथरतो आणि बेअरिंग लवकर जातं. मग मिस्त्री दोन्ही दांडे जोडणारं कपलिंग सोडत, मोटारीच्या पायाखाली कागदासारखी पातळ लोखंडी पत्री सरकवत आणि रेषेतला फरक दाखवणाऱ्या डायलची सुई स्थिर होईपर्यंत जेवायला उठत नसत. त्यांचा डबा मीच संपवायचो. तुमच्याही ओळखीत असा एखादा असेल, ज्याच्यापुढे यंत्रसुद्धा जरा नीट वागतं.

दोन उन्हाळ्यांपूर्वी मात्र पंप काही केल्या त्यांच्या मनासारखा होईना. दोन दिवसांत तीनदा कपलिंग सोडलं. गावाला पाणी नाही आणि सरपंचांचे फोन माझ्यावर. डायलची सुई तर जागची हलत नव्हती. मी हळूच हात लावून पाहिला, पंप शांत होता. पण त्यांना सांगायचं कसं? त्या हाताच्या जिवावरच ते जगले होते.

शेवटी त्यांनीच डावा हात ठेवला. मग उजवा. पुन्हा डावा.

“पंप चांगला हाय, चालू करा,” म्हणाले. “हलतोय त्यो मी.”

बीडच्या डॉक्टरांनी कंपवात सांगितला. काम सुटलं आणि ते युसूफ वडगावला मुलीकडे राहायला गेले. दिवाळीत भेटायला गेलो तर खाली मान घालून बसलेले. कुणाशी बोलत नाहीत, असं मुलगी म्हणाली. मला मात्र त्यांनी एवढंच विचारलं, पंप कसा आहे. पंप झकास चालला होता. मी म्हणालो, थोडा थरथरतोय.

ते सावरून बसले. कोणत्या बाजूनं, सुरुवातीपासून की गरम झाल्यावर, सगळं खोदून खोदून विचारलं.

“मोटारीच्या मागच्या डाव्या पायाखाली एक पत्री घाला. लई न्हाई, एकच.”

दुसऱ्या दिवशी मी फोन करून सांगितलं, पत्री घातली, थरथरायचा थांबला.

“थांबनारच,” ते म्हणाले.

पुढच्या पावसाळ्यात तापाचं निमित्त होऊन ते गेले. खोटं बोललो याचं मला वाईट वाटत नाही. आणखी दोन-चार वेळा जाऊन तसंच बोलायला हवं होतं, याचं वाटतं.