आयत्या वेळचा विषय

वर्गात तिला सगळे बॅरिस्टर म्हणत. शिंप्याची लेक, पण तोंड उघडलं की समोरच्याला पळता भुई थोडी. विद्यार्थी परिषदेच्या निवडणुकीत तिच्याविरुद्ध एकच अर्ज होता, तोही तिच्या जिवलग मैत्रिणीचा. मैत्रीण बारापर्यंत मावशीच्या लाँड्रीत इस्त्री करायची आणि प्रात्यक्षिकं अकराला सुरू व्हायची. हजेरी भरली नाही तर परीक्षेला बसता येणार नव्हतं.

"तू वेळ बदलून आण, मी अर्ज मागं घेते," मैत्रीण म्हणाली. "भांडायला तूच बरी."

बॅरिस्टर निवडून आली. कुलगुरूंच्या अध्यक्षतेखालच्या बैठकीत गुबगुबीत खुर्ची मिळाली, पुढ्यात नावाची पाटी. आमची लेक कुलगुरूंच्या मांडीला मांडी लावून बसते, असं आई शेजारणींना सांगत सुटली. प्रात्यक्षिकांच्या वेळेचा मुद्दा तिनं आयत्या वेळच्या विषयांत, म्हणजे यादीच्या अगदी तळाशी मांडायचं ठरवलं होतं. पहिल्या दोन बैठका तिथवर पोचल्याच नाहीत. तिसरी पोचली. अध्यक्षांनी नुकतंच तिच्या समंजसपणाचं कौतुक केलं होतं. सगळ्यांनी पेनांना टोपणं लावली होती, एकजण तर अर्धा उठलाही होता. आणखी काही, असं अध्यक्षांनी विचारलं. तिनं हसून नकारार्थी मान हलवली.

मैत्रिणीला मात्र तिनं सांगितलं, विषय मांडला, बघतो म्हणालेत.

महिन्याभरानं परीक्षेला बसता न येणाऱ्या मुलांची यादी लागली. त्यात मैत्रीण होती. बॅरिस्टर लाँड्रीत गेली. मैत्रीण चादरीला इस्त्री करत होती. तिनं स्टूल पुढं सरकवलं.

"तोंड का पाडलंस? तू बोललीस ना त्यांच्यासमोर, बास झालं. माझ्यासाठी कोण बोलतंय एवढं?"

त्यापेक्षा तिनं शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. बॅरिस्टरला स्टुलावर बसवेना.

"मी बोललेच नाही गं," ती म्हणाली. "त्यांनी विचारलं होतं. मीच नाही म्हणाले."

मैत्रिणीनं इस्त्री उभी करून ठेवली. मग गिऱ्हाइकांच्या पावतीपुस्तकाखालचा कोरा कागद काढून तिनं बॅरिस्टरपुढं ठेवला. यादीवर तक्रार करायला अजून दोन दिवस होते.

"लिहून दे. खाली पदासकट सही कर."

बॅरिस्टरनं लिहायला घेतलं. सदर विषय बैठकीत मांडायचा राहून गेला...

"राहून गेला नको," मैत्रीण म्हणाली. "मी मांडला नाही, असं लिही."

बॅरिस्टरनं ओळ खोडली आणि तसं लिहिलं.