काळी सुटली

जुन्या रेडिओची खरखर ऐकली की मला पनवेलच्या ठाण्यात भांडायला आलेली गव्हाणची एक बाई आठवते. साठच्या दशकातली गोष्ट; मी तिथे फौजदार होतो. लढाई नुकतीच थांबली होती, करंजाच्या किनाऱ्यावरची गस्त अजून चालू होती आणि ठाण्यात हेर पकडून देणाऱ्यांची रीघ असे. बहुतेक हेर फेरीवाले निघत.

एका सोमवारी धान्याचे एक व्यापारी आले. "साहेब, माझ्या रेडिओत शेजारी बोलतो."

शेजारी म्हणजे औषधाच्या दुकानाचे मालक. त्यांच्याकडे हौशी बिनतारीचा, म्हणजे घरच्या यंत्रावरून दूरदूरच्या हौशी लोकांशी बोलण्याचा, रीतसर परवाना होता. ते यंत्रावर बोलू लागले की व्यापाऱ्यांच्या रेडिओवरची गाणी बुडत आणि दुकानदारांचा आवाज उमटे.

"म्हणजे तक्रार गाण्यांची आहे?"

"नाही हो. काल हे आसामात कुणाला तरी म्हणाले, 'काळी पहाटे सुटली, सगळं सुखरूप.' आता पहाटे काय सुटतं, साहेब? बोटच ना?"

त्या दिवसांत हे हसण्यावारी नेता येत नव्हतं. मी दुकानदारांना परवाना घेऊन बोलावलं. कागद उभा दुमडायचा आणि दोन्हीकडे नोंदी करायच्या ही माझी सवय. परवान्यातल्या अटी तशाच उतरवल्या. डावीकडे मनाई : सांकेतिक भाषा, गाणी, धंद्याच्या गोष्टी, तिऱ्हाइताचा निरोप. उजवीकडे परवानगी : यंत्राविषयी बोलणं, हवामान, स्वतःच्या साध्या घरगुती गोष्टी. कुणाच्या जिवावर बेतलं तर मात्र मदत मागायला मुभा.

"काळी कोण?" मी विचारलं.

"सांकेतिक काही नाही, साहेब." प्रत्येक प्रश्नाला हेच उत्तर. यंत्र जप्त होईल हे सांगितलं तरी तेच. गप्प बसणारा माणूस पुष्कळदा दुसऱ्या कुणाला तरी झाकत असतो, असा माझा अनुभव. मी वाट पाहिली.

दुपारी ती बाई आली. दुकान बंद दिसलं म्हणून चौकशी करत थेट ठाण्यात.

"दादाला कनाला बसवलाय?"

"काळी कोण, ते सांगत नाहीत म्हणून."

"काली माजी म्हस हाय."

"आणि सुटली म्हणजे?"

"येली. पारडी झाली. तुमच्या गावाला म्हशी काय अंडी घालतात, सायब?"

हवालदार भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. बाईचा मुलगा आसामात एका इंजिनिअरकडे स्वयंपाकी होता. इंजिनिअरही हौशी बिनतारीवाला. दोघं मायलेक निरक्षर, त्यामुळे दर रविवारी इकडची खुशाली दुकानदार सांगत आणि तिकडची इंजिनिअर. मी हवालदारांना गव्हाणला पाठवलं. ते पारडी पाहून आले, वर चिकाचा तांब्या घेऊन आले. तांब्या मी परत पाठवला.

सांकेतिक भाषेचा आरोप मिटला होता. तरीही दुकानदारांचा चेहरा उतरलेलाच होता, कारण म्हैस खरी ठरली तसा निरोपही बाईचा ठरला.

मी बाईंना तिऱ्हाइताच्या निरोपाची अट वाचून दाखवली.

"तिऱ्हाईत कोन?" त्यांनी विचारलं.

"तुम्ही."

त्यांनी दुकानदारांकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "आनि म्हस त्याचीच असली तं?"

"स्वतःच्या म्हशीबद्दल बोलायला हरकत नाही."

"मंग आजपासून म्हस दादाची. दूद मी काढीन."

"अहो, मी म्हैस ठेवू कुठे?" दुकानदार म्हणाले. ठाण्यात आल्यापासून त्यांचं हे पहिलं वेगळं वाक्य.

"माज्याच गोठ्यात. तुला कोन बोलवतंय शेन काढायला?"

मी अहवालात सगळं जसं घडलं तसं लिहिलं. बिनतारी खात्याने दुकानदारांना लेखी ताकीद दिली. यंत्र राहिलं.

पुढे नव्या शिपायांना मी एक गोष्ट पहिल्या आठवड्यातच सांगत असे : शब्द संशयास्पद वाटला तर तो कुठल्या गावचा आहे, ते आधी विचारा. त्या बाईंकडून मी एवढंच शिकलो असं वाटत होतं. पण त्या प्रकरणानंतर महिन्याभरातच एका रविवारी व्यापाऱ्यांच्या दारावरून सायकलने जाताना त्यांच्या रेडिओतून तोच आवाज आला.

"आमची काळी बरी आहे. पारडी उड्या मारते. काळीला सांभाळणाऱ्या बाईंना मध्ये ताप होता, आता उतरला. त्या विचारत होत्या, आसामात थंडी फार पडते का."

मी क्षणभर थांबलो. कागदाची दोन्ही अंगं मनात तपासली. हवामान, आणि स्वतःच्या घरगुती गोष्टी. सगळं उजवीकडचंच होतं.